काताचे डाग

पोट दुखतंय, असं मी सगळ्यांना सांगत होते. दुखत होतं ते पोट नव्हतं. पण जिथं दुखत होतं, त्या जागेला आमच्या मुलखात शिवी आहे, नाव नाही. मग सांगणार काय आणि कुणाला? बाई पोटावर हात ठेवते आणि बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ऐकणारेही मोठे हुशार, सोयीचं तेवढंच समजून घेतात.

हे लिहितेय नाशिकला, बायकांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून. इथं रोज कुणी ना कुणी पोटावर हात ठेवून येतेच. त्यांतल्या वाचता येणाऱ्या थोड्या. त्यांनी वाचावं आणि शेजारणीला सांगावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मला वेळेवर सांगू शकतील अशी दोन माणसं होती. दोघंही माझ्याच घरात होती आणि मी रांधलेलं जेवत होती.

*

माझं माहेर जव्हारचं. वडील महाराजांच्या वाड्यावर पहाऱ्याला होते, म्हणून मला चार अक्षरं शिकायला मिळाली. आई मी रांगत असतानाच गेली. लग्न होऊन मोखाड्याला आले. आमचे हे संस्थानच्या जंगलखात्यात नाक्यावर कारकून. सागाच्या, खैराच्या गाड्या मोजायच्या, लाकडावर शिक्का मारायचा आणि मोठा माल निघाला की गाड्यांबरोबर नाशिकला जायचं. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे त्यांचे एकुलते एक.

आल्या आल्या आत्याबाईंनी मला पुढ्यात बसवून वेणी घातली. म्हणाल्या, “माला लेक नाय गं बाय. आता तूच माजी लेक.” आईच्या हातची वेणी मला माहीतच नव्हती. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

दुखणं सुरू झालं नागली कापायच्या दिवसांत. हे नुकतेच नाशिकहून आले होते. अंगावरून पिवळं जायला लागलं. लघवीला बसलं की अशी आग व्हायची की पदर दातांत धरून बसायचे. कुठलंही लुगडं नेसा, वास लपायचा नाही. लाजेनं मी माणसांपासून लांब बसायला लागले.

शेवटी कांडता कांडता आत्याबाईंना सांगितलं. त्यांचं मुसळ हातात तसंच राहिलं.

“रंग कसा?”

“पिवळा.”

“आन हा नाशकावरनं आला, त्याच्या आधी होता का?”

“नव्हतं.”

त्यांनी उखळात पुन्हा एक घाव घातला. मग म्हणाल्या, “गरमी हाय. उन्हातान्हात नागली कापलीस, ती गरमी खाली उतरली. कोनाला सांगू नको. उतरल.”

किती बरं वाटलं मला! दुखण्याला नाव मिळालं की अर्धं बरं झाल्यासारखं वाटतं. त्यांनी नाशिकचं का विचारलं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कोणाला सांगू नको म्हटलं होतं, तरी विहिरीवर एकीनं विचारलं, “वाळलीस का गं?” तेव्हा मी सांगून टाकलं, “गरमी झालीय मला.” भोवतीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी भरलेला हंडा उचलून निघून गेली. मला वाटलं, तिला घाई असेल.

*

आत्याबाईंनी गरमी उतरवायला काही बाकी ठेवलं नाही. सकाळी सब्जाचं पाणी, दुपारी ताक, संध्याकाळी नागलीची थंड आंबील. ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी त्या स्वतः बांधायच्या आणि सुकली की बदलायच्या. कण्हले तर कपाळावरून हात फिरवायच्या. तो हात मला अजून आठवतो. आठवला की राग येतो, आणि राग आला की रडूही येतं. दोन्ही एकदमच येतात, त्याला मी काय करू?

त्याच दिवसांत यांच्या धोतरांवर तपकिरी डाग दिसायला लागले. बोटांची टोकंही तपकिरी. मी विचारलं तर म्हणाले, “काताचे आहेत. खैराचा कात उकळणारे नाक्यावर माल आणतात, मोजताना लागतो.” आता मोखाड्यात काताचा डाग कुणाला नवा? अर्ध्या गावाच्या कपड्यांवर तो असतोच. मी राख लावली, रिठे लावले, दगडावर आपटून आपटून धोतर विरायला आलं. डाग काही हलला नाही. आत्याबाई आल्या. “दे हिकडं,” म्हणून धोतर घेऊन परसात गेल्या आणि येताना पांढरंशुभ्र घेऊन आल्या.

“कसा काढलात?”

“हाताला गुन लागतो,” म्हणाल्या. मी हसले. त्यांच्या हाताला लिंबाचा वास येत होता. लोणचं घालत असतील, असं मला वाटलं.

हे त्या दिवसांत ओटीवर झोपायला लागले. मी आजारी म्हणून माझी काळजी घेतात, असं मी माझ्या मनाला सांगायचे. न्हाणीत मात्र तांब्या घेऊन बराच वेळ असायचे. पुढं माझं दुखणं होतं तसंच राहिलं आणि हे मात्र ओटीवरून आत आले.

गुण येईना तेव्हा भगत बोलावला. त्यानं सुपात तांदूळ टाकून पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, “भायेरचा काय नाय. घरातलाच हाय.” सगळ्यांनी ठरवलं, घरातला देव रागावला. देवाला कोंबडी दिली. भगत खरं बोलून गेला होता, पण कोंबडी खाण्यापलीकडं त्यालाही त्याचा उपयोग झाला नाही.

एक दिवस आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “बोहाड्यापर्यंत गरमी नाय उतरली, दिवस नाय गेले, तर तो दुसरी करनार म्हनतो. मी काय करू, बाय?” बोहाडा म्हणजे आमच्याकडं देवांची सोंगं नाचवायचा उत्सव. तो काही फार लांब नव्हता. मला मूल हवं होतं. नुसतं हवं होतं असं नाही, त्या घरात माझी जागा राहणार की नाही, हे त्याच्यावर ठरणार होतं. मी सब्जाचं पाणी दुप्पट प्यायला लागले.

*

मग त्या जागी गाठ आली. आधी सुपारीएवढी, नंतर आवळ्याएवढी. बसता येईना, पाय जवळ घेता येईनात. ताप चढला. बोहाड्याला माझा भाऊ जव्हारहून आला. मी भिंतीला टेकून उभ्यानंच जेवतेय, हे त्यानं पाहिलं. दादा फार बोलणारा नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, “चल. नाशिकला बायकांचा दवाखाना आहे.”

हे भडकले. “तिथं बायकांना उघडं करून बघतात. माझ्या घरची अब्रू चव्हाट्यावर मांडायची आहे का?”

आत्याबाईंनी तर बैलाचं जू धरलं. “नको नेऊस रे. लेक हाय माजी. मी बरी करीन तिला.” डोळ्यांत पाणी होतं. गाडी हलली तेव्हा त्यांनी सब्जाची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. गवताच्या पेंढ्यांवर कुशीवर पडून, प्रत्येक दगडाला ओरडत मी नाशिकला गेले. पुरचुंडी घट्ट धरून ठेवली होती. वाटलं, एवढी माया करणारं माणूस मागं राहिलं.

*

डॉक्टरीणबाई परदेशी होत्या. त्यांचं मराठी पुस्तकातलं, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखं. हाताखाली मार्थाबाई, त्या नगरकडच्या, बोलायला फटकळ.

“काय होतंय?”

“पोट दुखतंय.”

“पोट कुठलं?” मार्थाबाईंनी विचारलं. “इथं येणाऱ्या प्रत्येकीचं पोट गुडघ्यापर्यंत असतं. नीट सांग.”

मी म्हटलं, “गरमी झालीय.”

त्यांचा हात थांबला. “कुणी सांगितलं?”

“सासूबाईंनी.”

“म्हणजे त्यांना माहीत आहे,” असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, आत्याबाईंच्या वैद्यकीचं कौतुक केलं.

मला टेबलावर निजवलं, अंगावर चादर टाकली. आजवर त्या जागी कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी डोळे मिटून घेतले आणि मेल्याहून मेल्यासारखी झाले. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायच्या. आता हात लावते, आता गार वाटेल, आता दुखेल. एवढ्यानंसुद्धा किती धीर येतो, ते त्या टेबलावर पडल्याशिवाय कळायचं नाही. गाठ कापली. घाण निघाली ती निघालीच. मी किंचाळले, पण त्या रात्री कित्येक दिवसांनी पाय लांब करून झोपले.

मार्थाबाईंनी मला शब्द दिला. “योनी म्हण. नाव आहे तिला. दुखलं तर नाव घेऊन सांगायचं.” मी तोंडावर पदर घेऊन म्हटलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकत खोकत हसली, “मी पन म्हनू का गं?” आणि तिनंही म्हणून पाहिलं. त्या दिवशी आम्ही पोटभर हसलो. हसल्यानं टाके ओढले जायचे, तरी हसलो.

मग रोजचं सुरू झालं. कपडे उकळायचे. एका काडीनं आत औषध लावायचं, ते झोंबायचं. आणि वर टांगलेल्या भांड्यातून रबरी नळीनं कोमट पाणी सोडून धुवायचं. त्या पाण्यात मार्थाबाई जांभळे खडे टाकायच्या, की पाणी जांभळाच्या रसासारखं व्हायचं. आग हळूहळू कमी व्हायला लागली. बसून जेवले, तेव्हा भाजीला चव लागली. माणूस बसून जेवतो हे केवढं सुख आहे!

एके सकाळी माझं लुगडं धुवायला काढलं. त्यावर तपकिरी डाग पडले होते.

मी त्या डागांकडं बघत राहिले. तोच रंग. कडेला जरा पिवळट आणि मध्ये गडद. तसेच डाग मी राखेनं घासले होते, दगडावर आपटले होते.

“मार्थाबाई, हा कात कुठून लागला?”

“कात कुठला? औषधाचा डाग तो. जांभळं पाणी वाळलं की तपकिरी होतं. लिंबू चोळ, लगेच जाईल.”

लिंबू चोळलं. डाग गेला. माझ्या हाताला लिंबाचा वास आला, आणि तो वास ओळखीचा होता.

*

डॉक्टरीणबाईंनी नंतर सगळं सांगितलं. ह्या रोगाला परमा म्हणतात. तो पुरुष बाहेरून आणतो आणि घरच्या बाईला देतो. पुरुषाला लवकर औषध मिळालं तर त्याचं निभावतं. बाईला उशिरा मिळालं तर रोग आत चढतो, मुलाची वाट बंद होते. माझी झाली असावी.

“उन्हानं होतो का हो?” मी तरीही विचारलं. मला अजून आत्याबाईंना वाचवायचं होतं.

“उन्हानं झाला असता,” मार्थाबाई म्हणाल्या, “तर तुमच्या मुलखात एक पोर जन्माला आलं नसतं.” आणि गरमी कशाला म्हणतात तेही त्यांनीच सांगितलं. बायका उष्णतेला म्हणतात. पुरुष बाजारातून आणलेल्या रोगांना म्हणतात. विहिरीवरची म्हातारी हंडा घेऊन का गेली, ते मला तेव्हा कळलं.

म्हणजे त्यानं नाशिकला गुपचूप औषध घेतलं होतं. न्हाणीत तांब्या घेऊन तो तेच करत होता. ओटीवर झोपला तो डॉक्टरनं सांगितलं म्हणून. आणि मी त्याच्या औषधाचे डाग घासत, सब्जा पीत बसले होते. इथवर त्याला मी ‘हे’ म्हणून लिहिलं, इथून पुढं ‘तो’ म्हणणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

पण खरं सांगू? त्याचं मला तेवढं लागलं नाही. त्यानं कधी माझी वेणी घातली नव्हती.

*

बरी होऊन परत गेले तेव्हा आत्याबाई चुलीशी होत्या. मी कोनाड्यातलं लिंबू घेतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्या फुंकणीनं राख उकरायला लागल्या.

“तुमाला म्हाइत होता?” मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

“होता.”

“मग?”

“त्यानं शपथ घातली. लेक हाय.”

“आणि मी?”

त्यांनी वर पाहिलं. “माला पन झालेली, बाय. त्याच्या बापानं आनलेली. एक पोर झाला तो झाला, मग कूस मिटली. माज्या सासूनं सब्जा पाजला, तोच मी तुला पाजला. माला कोनी सांगितला होता?”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. त्यांना सगळं ठाऊक होतं. नुसतं आजाराचं नाव नाही, त्याची आग, त्याचा वास, त्यानं काय जातं तेही. स्वतःच्या अंगानं ठाऊक होतं. आणि तरी त्यांनी माझ्या पोटावर माती बांधली. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुला सांगितलं नाही. हा कुठला हिशेब? मी त्यांना तसं विचारलं. त्या नुसत्या रडल्या. त्यांच्या रडण्यावर तोपर्यंत माझा फार विश्वास होता.

दुसरी ठरलीच होती. पोशेऱ्याची, ठकू नावाची. कुंकवाला, म्हणजे सोयरीक पक्की करायला, तिची आई आणि चार बायका घरी आल्या, ठकूही होती. पोरगी नख चावत कोपऱ्यात बसलेली. मी वाटीतलं कुंकू खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “ह्या माणसाला परमा झाला होता. त्यानं मला दिला. माझं पोर त्यानं खाल्लं. पोरगी द्यायची तर हे ऐकून द्या.”

ठकूच्या आईनं आत्याबाईंकडं पाहिलं. “खरा का वो?”

त्या एका शब्दासाठी मी जीव मुठीत धरून उभी होते. हो म्हणायचं होतं, बस. त्या हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांना तिथल्या तिथं सगळं माफ केलं असतं.

आत्याबाईंनी पदर सावरला. “गरमी डोक्यात गेलीय तिच्या,” म्हणाल्या. “कवाधरनं आजारी हाय.”

“सवत कोनाला पायजे, बाय,” ठकूची आई मला समजावत म्हणाली आणि तिनं लेकीला पुढं ढकललं.

मी त्याच आठवड्यात दादाबरोबर घर सोडलं. नाशिकला मार्थाबाईंच्या हाताखाली लागले. कपडे उकळते, नळी धरते, पोटावर हात ठेवून येणाऱ्यांना “पोट कुठलं?” विचारते. आजारातून उठलेल्या बाईनं हे काम करावं. तिला बघून दुसरीची लाज थोडी कमी होते.

*

आणि गेल्या सुगीनंतरची गोष्ट. दवाखान्याच्या ओसरीवर एक म्हातारी दिसली. चालून चालून पायांना भेगा पडलेल्या, पाठीला भाकरीचं गाठोडं. तिच्या दंडाला धरून ठकू. पाय फाकवून चालत होती. ती चाल मी कुठूनही ओळखेन.

आत्याबाईंनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही की मान खाली घातली नाही. सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेल्या.

“काय होतंय हिला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ठकूनं पोटावर हात ठेवला. आत्याबाईंनी तो हात धरून बाजूला केला.

“पोट नाय,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. ओसरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. “परमा हाय. माज्या लेकानं दिला. परत नाशकाला गेला नि परत आनला. आठवडा झाला नाय तवर घेऊन आले. हिची कूस वाचवा.”

मी हातात तसराळं घेऊन उभी होते. हे वाक्य मी किती वेळा मनात ऐकलं होतं. कुंकवाच्या दिवशी ऐकायचं होतं, उखळाशी ऐकायचं होतं. ते आलं तेव्हा माझ्यासाठी नव्हतंच, दुसरीसाठी होतं. म्हणजे त्यांना म्हणता येत होतं. पहिल्यापासून म्हणता येत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि ठकूसाठी झालाही. स्वतःसाठी मात्र पुन्हा एकदा कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. काहीतरी बोलणार होत्या. मी बोलू दिलं नाही, पाणी तापवायला गेले.

पाणी कोमट झालं तेव्हा त्यात जांभळे खडे टाकले. ठकू टेबलावर डोळे घट्ट मिटून पडली होती. मी तिचा हात हातात घेतला.

“आता कोमट वाटेल,” मी म्हटलं. “मग थोडं झोंबेल. लुगड्याला तपकिरी डाग पडतील, ते काताचे नाहीत. लिंबू चोळलं की जातात.”